मायस्थेनिया ग्रेव्हिस : आप्पांच्या गोळ्यांच्या वेळा, पोटातला मुरडा आणि स्टेरॉइडची भीती

बार्शीची_लेक (रविवार, रात्री ९:४०)

नमस्कार. इथे बरीच वर्षं नुसती वाचते, लिहायची वेळ आज पहिल्यांदा आली.

माझे वडील, आम्ही आप्पा म्हणतो, वय ६३. एसटीत ड्रायव्हर होते. निवृत्तीनंतर आई आणि ते बार्शीजवळ गावी राहतात, मी पुण्यात. गेल्या दिवाळीच्या सुमाराला त्यांची डावी पापणी पडायला लागली. सकाळी डोळा चांगला उघडा, दिवेलागणीला अर्धा झाकलेला. मग एकाचे दोन दिसायला लागले. ज्या माणसानं आयुष्यभर घाटातून गाडी काढली तो ओट्याची पायरी उतरताना पायानं चाचपून बघायचा, दोनातली खरी कुठली म्हणून. डोळ्यांच्या डॉक्टरांनी दोनदा चष्मा बदलला, नंतर मोतीबिंदू काढू म्हणाले. माठातल्या गार पाण्याचा हबका मारला की थोडा वेळ डोळा उघडायचा, त्यामुळे घरात सगळ्यांचं ठरलं की उष्णता झालीय.

संक्रांतीला गेले तेव्हा आप्पांच्या शेजारी जेवायला बसले आणि मला दिसलं. आप्पा डाव्या हाताची बोटं हनुवटीखाली धरून जबडा वर ढकलत होते. अर्धी भाकरी झाली की ताट सरकवून ‘भूक नाही’ म्हणायचे. भूक होती. चावायची ताकद संपत होती, आणि ते कुणाला सांगायचं नव्हतं.

त्याच आठवड्यात सोलापूरला मेंदूविकारतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी निओस्टिग्मिनचं इंजेक्शन दिलं आणि समोर बसवून ठेवलं. दहा-पंधरा मिनिटांत दुकानाचं शटर वर जावं तशी पापणी वर गेली. आप्पा भिंतीवरचं कॅलेंडर मोठ्यानं वाचायला लागले. आई रडत होती. रक्ताच्या तपासणीतही अँटिबॉडी सापडल्या. निदान झालं मायस्थेनिया ग्रेव्हिस, स्नायू लवकर थकवणारा आजार. छातीचा सीटी स्वच्छ आला.

आता औषधं अशी: पायरिडोस्टिग्मिन ६० मिग्रॅ दिवसातून तीनदा, प्रेडनिसोलोन (हेच स्टेरॉइड) हळूहळू वाढवत ३० वर, अझाथायोप्रिन सुरू करून दोन महिने झाले. मला विचारायचंय ते हे:

गोळी घेतली की पाऊण तासात पोटात मुरडा येतो, तोंडाला पाणी सुटतं. म्हणून आप्पा आपल्या मनानं अर्धीच घेतात. असं केलं तर चालतं का? दुसरं, अझाथायोप्रिननं काडीचाही फरक नाही. आणि तिसरं, माझे मामा रोज फोन करून सांगतात की स्टेरॉइडनं हाडं वितळतात, बंद करा. आप्पांचंही मन डळमळायला लागलंय.

ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांनी कृपया लिहा.

गोदाकाठ (रविवार, रात्री १०:१५)

ताई, मी गेली ११ वर्षं मायस्थेनियाचा रुग्ण आहे. नाशिकला असतो, शाळेत शिकवतो. सगळ्यात आधी, आप्पांना सांगा की जबडा हातानं धरून मीही जेवलोय. लाजण्यासारखं काही नाही.

मुरडा मलाही यायचा. गोळी अगदी रिकाम्या पोटी घ्यायचो. मग दोन बिस्किटं किंवा अर्धं केळं खाऊन घ्यायला लागलो, मुरडा पुष्कळ कमी झाला. तरी त्रास राहिला तेव्हा डॉक्टरांनी सोबत ग्लायकोपायरोलेट दिलं, ते लाळ आणि पोटाच्या कळा आवरतं. पण ते त्यांनी बघून दिलं, मी मेडिकलमधून आणलं नाही.

डोस आपला आपण अर्धा करू नका. त्यापेक्षा वेळ लावा. ही गोळी अर्ध्या-पाऊण तासानं लागू पडते आणि तीन-चार तासांत ओसरते. माझा गजर पावणेसातला वाजतो, गोळी घेतो आणि साडेसातला पोहे खातो. तोवर जबड्यात ताकद आलेली असते. जेवणाच्या ताटावर बसून गोळी घेतली तर जेवण उरकल्यावर ताकद येणार, तिचा काय उपयोग? आप्पा गोळी कधी घेतात ते आईंना विचारा. बहुतेक घरांत ‘जेवणानंतर’ घेतली जाते, कारण आपल्याकडे सगळ्याच गोळ्या जेवणानंतर घ्यायची सवय.

बार्शीची_लेक (रविवार, रात्री १०:३२)

दादा, आत्ता आईला फोन करून विचारलं. तिन्ही वेळा जेवणानंतर. चिठ्ठीवर ‘जेवणापूर्वी ४५ मिनिटं’ लिहिलंय, पण मेडिकलवाल्यानं पाकिटावर सगळ्या गोळ्यांना एकच खूण करून दिलीय.

मज्जातंतू (सोमवार, सकाळी ७:०५)

मी फिजिशियन आहे, न्यूरॉलॉजी विभागात काही वर्षं काम केलंय. इथून कुणाचा डोस ठरवणार नाही, पण औषध काय काम करतं हे कळलं तर आप्पांना वेळा पाळणं सोपं जाईल, म्हणून सविस्तर लिहिते.

मेंदूचा हुकूम मज्जातंतूतून स्नायूपर्यंत येतो आणि शेवटच्या टोकाला ॲसिटिलकोलीन नावाचा निरोप्या सुटतो. स्नायूवर त्याच्यासाठी दारं असतात. मायस्थेनियात शरीराची प्रतिकारशक्ती चुकून त्या दारांवरच अँटिबॉडी सोडते. दारं बुजतात, मोडतात. उरलेल्या दारांवर पहिले काही निरोप पोचतात, मग स्नायू थकतो. म्हणून सकाळी बरं आणि संध्याकाळी पापणी खाली. निरोप्याला दारातून लगेच झाडून काढणारं एक विकर (एन्झाइम) तिथे असतं. पायरिडोस्टिग्मिन त्या झाडूवाल्याला काही तास थोपवतं, निरोप्या दारात जास्त वेळ उभा राहतो आणि उरलेली दारं पुनःपुन्हा ठोठावतो. मुरडा आणि लाळ यांचं कारणही हेच, कारण आतड्यांत आणि लाळग्रंथींत हाच निरोप्या काम करतो.

गार पाण्याचं घरच्यांनी जे पाहिलं ते खरं आहे. गारव्यात ते विकर मंदावतं. दवाखान्यात बंद पापणीवर दोन मिनिटं बर्फ धरून आम्ही हीच परीक्षा करतो.

या औषधाची सुरुवात कशी झाली तेही सांगते. १९३४ साली लंडनच्या ग्रिनिचमधल्या सेंट आल्फेज रुग्णालयात मेरी वॉकर नावाच्या डॉक्टर होत्या. मायस्थेनियाची लक्षणं क्युरारे या विषाच्या बाधेसारखी आहेत हे त्यांच्या डोक्यात बसलं, आणि क्युरारेवरचा उतारा फायसोस्टिग्मिन त्यांनी एका रुग्ण बाईला टोचून पाहिला. पापण्या उघडल्या, हात उचलले गेले, गिळता यायला लागलं. पुढच्या वर्षी त्यांनी निओस्टिग्मिनही वापरून दाखवलं. तुमच्या आप्पांना सोलापुरात जे इंजेक्शन दिलं ते तेच. पायरिडोस्टिग्मिन १९५० च्या दशकात आलं.

पण दारं कोण मोडतंय ते तेव्हा ठाऊक नव्हतं. १९७३ मध्ये अमेरिकेत पॅट्रिक आणि लिंडस्ट्रॉम यांनी विजेचा झटका देणाऱ्या ईल माशातून हीच दारं वेगळी काढली आणि सशांना टोचली. सशांच्या शरीरात अँटिबॉडी तयार झाल्या आणि ससे लुळे पडले. म्हणजे मूळ रोग प्रतिकारशक्तीचा. पायरिडोस्टिग्मिन त्या रोगाला हात लावत नाही, ते दिवस निभावून नेतं. रोग आवरायचं काम प्रेडनिसोलोन आणि अझाथायोप्रिन करतात. मामांना एवढं एकच समजावा: पापणी वर नेणारी गोळी आणि पापणी पुन्हा पडू न देणारी गोळी वेगळी आहे.

अझाथायोप्रिनचं म्हणाल तर दोन महिने फार लवकर. सहा महिने ते वर्षभर वाट बघावी लागते. १९९८ मध्ये ब्रिटनमधली एक चाचणी प्रसिद्ध झाली. एका गटाला नुसतं प्रेडनिसोलोन, दुसऱ्याला जोडीला अझाथायोप्रिन. पहिलं वर्षभर दोन्ही गटांत फरकच दिसला नाही. त्यानंतर दुसऱ्या गटाचं स्टेरॉइड उतरत गेलं आणि तिसऱ्या वर्षाच्या शेवटी त्यातल्या बऱ्याच जणांचं पूर्ण सुटलं. अझाथायोप्रिन आज घ्यायचं ते पुढच्या वर्षी स्टेरॉइड कमी करता यावं म्हणून.

त्यावर रक्ताची तपासणी मात्र चुकवू नका, पांढऱ्या पेशी आणि यकृत. ताप आला किंवा केस एकदम मुठीनं गळायला लागले तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. भारतीयांत काही जणांना जनुकीय कारणानं हे औषध अजिबात सोसत नाही. आणि आप्पांना गाऊट असेल तर अॅलोप्युरिनॉल किंवा फेबुक्सोस्टॅट सोबत नको, दोन्ही मिळून अस्थिमज्जा दडपली जाते.

खडीसाखर (सोमवार, सकाळी ११:२०)

आप्पांना सांगा, अमिताभ बच्चनलाही ऐंशीच्या दशकात हाच आजार झाला होता. माझ्या सासूबाईंना डॉक्टरांनी हे सांगितल्यावर त्यांनी मुकाट्यानं गोळ्या घ्यायला सुरुवात केली.

औषधवाला (सोमवार, दुपारी ३:५०)

माझं मेडिकल आहे, तालुक्याच्या गावी. पाकिटावरच्या खुणेबद्दल वाचून वाईट वाटलं. गर्दीत आमच्याकडून असं होतं आणि व्हायला नको.

ही गोळी महाग नाही, पण मागणी कमी म्हणून छोट्या गावात सहसा ठेवत नाहीत. पट्टी संपल्यावर आणायला निघू नका. पंधरा दिवसांची शिल्लक असतानाच पुढची सांगून ठेवा.

आणखी एक. पायरिडॉक्सिन आणि पायरिडोस्टिग्मिन ही नावं घाईत सारखी वाचली जातात. पायरिडॉक्सिन म्हणजे बी-६ व्हिटॅमिन. दुसरीकडून पायरिडॉक्सिन घेऊन आलेलं एक गिऱ्हाईक माझ्या काउंटरवर उभं राहिलेलं मी पाहिलंय, तीन दिवस व्हिटॅमिन खात होतं आणि आजार बळावला म्हणून घाबरलं होतं. नवीन पट्टी घेताना जुनी रिकामी पट्टी सोबत न्या आणि अक्षरं जुळवून घ्या. १८० ची जास्त वेळ टिकणारी गोळी कधी मिळाली तर ती तोडायची, कुटायची नाही.

नीरजा_कुडाळ (सोमवार, रात्री ८:३०)

मला २२ व्या वर्षी झाला, आता ३१ वर्षांची आहे. आधी वाचा जायची. कॉलेजात प्रेझेंटेशन देताना पाचव्या मिनिटाला आवाज नाकातून यायला लागायचा, मुली हसायच्या.

माझी छातीतली थायमस ग्रंथी काढली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीनंतर या ऑपरेशनबद्दलची शंका बरीच मिटली. या ग्रंथीत गाठ नसलेल्या १२६ रुग्णांना तीन वर्षं पाहिलं, ऑपरेशन केलेल्यांची ताकद जास्त सुधारली आणि स्टेरॉइडही कमी लागलं. पण त्यात वयाची मर्यादा ६५ होती, आणि उतारवयात डॉक्टर सहसा गाठ असेल तरच सुचवतात. आप्पांचा सीटी स्वच्छ आहे म्हणजे एक काळजी मिटली.

मुलींसाठी लिहून ठेवते, कुणीतरी शोधत येईल. लग्न होतं, मूल होतं. मला झालंय. मायकोफेनोलेट (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) चालू असेल तर गर्भधारणेआधी बरेच दिवस डॉक्टरांशी बोलून बदलावं लागतं, गर्भाला घातक आहे. आणि बाळंतपणात रक्तदाब वाढला तर जे मॅग्नेशियम सल्फेट सर्रास देतात ते आपल्याला चालत नाही, श्वासाचे स्नायू बसतात. माझ्या नवऱ्यानं ते फाईलच्या पहिल्या पानावर लाल शाईनं लिहिलं होतं आणि लेबर रूमच्या दारात प्रत्येक नव्या नर्सला वाचून दाखवत होता. बाळाला पहिले काही दिवस चोखायला जोर नव्हता, आईच्या अँटिबॉडी थोड्या दिवसांसाठी बाळात जातात म्हणून. तीन आठवड्यांत ठणठणीत झालं.

बार्शीची_लेक (मंगळवार, रात्री ९:००)

सगळ्यांचे मनापासून आभार. आईनं मोबाइलला तीन गजर लावलेत, केळी आणून ठेवलीत. आज आप्पांनी भाकरी आमटीत कुस्करून आख्खी खाल्ली. मामांशी मी बोलते.

बार्शीची_लेक (गुरुवार, रात्री ११:४८)

कुणी जागं आहे का? आप्पांना कालपासून जुलाब. गावातल्या डॉक्टरांना दाखवलं, त्यांना आजाराचं नाव सांगितलं होतं, त्यांनी ऑफ्लोक्सासिन-ऑर्निडाझोल दिलं. दोन गोळ्या झाल्या. आई म्हणतेय बोलणं खूप बोजड झालंय, पाणी नाकातून येतंय. आप्पा म्हणताहेत पायरिडोस्टिग्मिनची आणखी एक घेतो. ऑक्सिमीटरवर ९७ आहे, म्हणून आई म्हणते सकाळी बघू.

मज्जातंतू (गुरुवार, रात्री ११:५४)

ताई, सकाळ नको. ऑक्सिमीटरवर जाऊ नका, या आजारात श्वासाचे स्नायू थकत असतानाही तो आकडा शेवटपर्यंत चांगला दिसतो. आईंना सांगा, आप्पांना एक श्वास भरून मोठ्यानं १, २, ३ मोजायला लावा. कितीपर्यंत जातात ते इथे लिहा. उताणं झोपवतं का? उशीवरून मान उचलता येते का?

जास्तीची गोळी देऊ नका. गिळता येत नसताना तोंडातून काहीच नको, पाणीही नको.

बार्शीची_लेक (शुक्रवार, रात्री १२:०१)

१३ पर्यंत. झोपवत नाही, बसून आहेत. मान हातानं धरलीय.

मज्जातंतू (शुक्रवार, रात्री १२:०२)

आत्ता निघा. व्हेंटिलेटर असलेल्या आयसीयूतच न्या, वाटेत छोट्या दवाखान्यात थांबू नका. १०८ लावा, वेळ लागत असेल तर शेजाऱ्यांची गाडी घ्या. बसवूनच न्या. त्यांच्या तज्ज्ञांना फोन करून ठेवा. सगळ्या पट्ट्या, जुलाबाच्या गोळीचीसुद्धा, पिशवीत टाका. दारातच सांगा: मायस्थेनिया, श्वास.

गोदाकाठ (शुक्रवार, पहाटे ५:४०)

ताई, जमेल तेव्हा एक शब्द लिहा.

बार्शीची_लेक (शुक्रवार, सकाळी ९:२५)

सोलापूरला आयसीयूत आहेत. तोंडावर मास्क लावून श्वासाला आधार देणारं मशीन लावलंय. नळी घालावी लागलेली नाही. आयव्हीआयजी (दात्यांच्या रक्तातल्या अँटिबॉडी, शिरेतून) सुरू केलंय, पाच दिवस देणार. मी पोचले.

मज्जातंतू (शुक्रवार, दुपारी १:१०)

ताई, तुम्ही आत्ता वाचू नका, आप्पांकडे लक्ष द्या. पण धागा वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी आजच लिहायला हवं.

जुलाब झाला की गोळी नीट शोषली जात नाही. कुठल्याही संसर्गानं मायस्थेनिया बळावतो. आणि त्यावर जे प्रतिजैविक आपल्याकडे चहाबरोबर बिस्किट द्यावं तितक्या सहज दिलं जातं, ते ऑफ्लोक्सासिन, म्हणजे फ्लुरोक्विनोलोन गटातलं, मज्जातंतू आणि स्नायू यांच्यातला तोच निरोप आणखी अडवतं. तिन्ही एका रात्रीत एकत्र आलं. नेमका दोष कशाचा हे सांगता येणार नाही, पण टाळता येण्यासारखी गोष्ट यात ती जुलाबाची गोळी होती.

टाळायची नावं स्वयंपाकघरात चिकटवून ठेवा. सिप्रोफ्लोक्सासिन, लेव्होफ्लोक्सासिन, ऑफ्लोक्सासिन. घसा दुखला की मिळणारं अझिथ्रोमायसिन. जेंटामायसिन, अमिकासिन, स्ट्रेप्टोमायसिन ही इंजेक्शनं. मलेरियाची क्लोरोक्विन आणि क्विनीन. प्रोप्रानोलॉल आणि त्या गटातली रक्तदाबाची औषधं, काचबिंदूसाठी डोळ्यात घालायचे टिमोलॉलचे थेंबसुद्धा. शिरेतून मॅग्नेशियम. बोटॉक्स. यातलं एखादं कधी द्यावंच लागतं, पर्याय नसला तर. पण तेव्हा देणाऱ्याला आजार माहीत असतो आणि रुग्ण देखरेखीखाली असतो. तापाला पॅरासिटामॉल चालतं. प्रतिजैविक लागलंच तर पेनिसिलिन किंवा सेफॅलोस्पोरिन गटातलं सहसा आधी बघतात.

जास्तीच्या गोळीबद्दलही. पायरिडोस्टिग्मिन फार झालं तरी अशक्तपणाच येतो: जुलाब, घाम, लाळ, स्नायू फडफडणं आणि श्वास बसणं. घरी बसून दोन्हीतला फरक ओळखता येत नाही. म्हणून गिळणं किंवा श्वास बिघडला की गोळी नाही, गाडी.

पिंपळपान (शुक्रवार, संध्याकाळी ६:३५)

मी भूलतज्ज्ञ आहे. दात काढण्यापासून हर्नियापर्यंत काहीही करायचं असेल तरी आजार आधी सांगा. स्नायू सैल करणारी आमची काही औषधं या रुग्णांना अगदी थोड्या मात्रेत पुरून उरतात. आदल्या रात्री कळलं तर तयारी करता येते, टेबलावर कळलं तर धावपळ होते.

हडसनकाठी (शनिवार, सकाळी ७:५०)

न्यू जर्सीहून लिहिते. माझ्या नवऱ्याला याच घरातला पण वेगळा आजार आहे, लॅम्बर्ट-ईटन. त्यात दारं शाबूत असतात, निरोप्याच पुरेसा सुटत नाही. पापणीपेक्षा आधी मांड्यांची ताकद जाते, जिना चढवत नाही, तोंड कोरडं पडतं, आणि थोडी हालचाल केल्यावर जरा वेळ ताकद वाढते. जवळजवळ निम्म्या रुग्णांत मागे फुप्फुसाचा कर्करोग निघतो, म्हणून त्याचे स्कॅन ठरावीक काळानं करतात. आजवर सगळे स्वच्छ आलेत.

त्याच्यावरचं औषध अॅमिफाम्प्रिडीन. इथली एक छोटी घरगुती कंपनी वर्षानुवर्षं ते रुग्णांना फुकट देत होती. २०१८ च्या नोव्हेंबरात दुसऱ्या कंपनीला त्याची अधिकृत मंजुरी मिळाली आणि वर्षाची किंमत ३,७५,००० डॉलर जाहीर झाली. सिनेटर बर्नी सँडर्स यांनी कंपनीला जाब विचारणारं पत्र लिहिलं तेव्हा वर्तमानपत्रांत गाजलं. आमचा विमा आहे म्हणून निभतं. साठ-सत्तर वर्षं जुनं पायरिडोस्टिग्मिन तालुक्याच्या मेडिकलात मागवून मिळतं याचं मोल मला इथे बसून फार जाणवतं.

तुमच्या आप्पांसाठी प्रार्थना करतेय.

बार्शीची_लेक (अकरा दिवसांनी, बुधवार, दुपारी ४:२०)

आप्पा घरी आले. मास्क चौथ्या दिवशी निघाला. आयव्हीआयजीच्या तिसऱ्या बाटलीनंतर त्यांनी एका श्वासात २४ मोजले आणि पंचविसावा राहिला म्हणून पुन्हा मोजायला घेतलं.

खर्च फार झाला, आईच्या पाटल्या मोडल्या. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. वाईट याचं वाटतं की गावातल्या डॉक्टरांना मी नाव सांगितलं होतं. ते ‘हो हो, डोळ्यांचा आजार ना’ म्हणाले. सुटी झाल्यावर मी यादी छापून त्यांच्याकडे घेऊन गेले. त्यांनी ती शांतपणे पूर्ण वाचली, आमच्या समोर टेबलाच्या काचेखाली सरकवली आणि आप्पांची चौकशी केली. माझा राग तिथेच निम्मा झाला.

स्टेरॉइड चालूच आहे. मामा दवाखान्यात आले होते, मशीन बघितल्यापासून बंद करा म्हणत नाहीत. साखर थोडी वाढलीय, त्यासाठी औषध दिलंय, आणि हाडांसाठी कॅल्शियम-ड जीवनसत्त्व.

गोदाकाठ (बुधवार, संध्याकाळी ५:०५)

वाचून जिवात जीव आला. स्टेरॉइडचं एक कायम लक्षात असू द्या. महिनोन्‌महिने घेतल्यावर शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं, एकदम तोडलं तर माणूस कोसळतो. कमी करायचं तर डॉक्टर पायरी-पायरीनं उतरवतात. माझे ४० चे ५ व्हायला अडीच वर्षं लागली. सुरुवातीचा पंधरवडा काही जणांचा अशक्तपणा उलट वाढतो, तेही कुणी आधी सांगत नाही आणि लोक घाबरून सोडून देतात. सकाळी नाश्त्यानंतर घ्या, रात्री घेतलं तर झोप उडते.

एक श्वास मोजायची सवय ठेवा. मी रोज दात घासल्यावर मोजतो आणि वहीत लिहितो. माझा नेहमीचा आकडा ४० च्या आसपास. तीसच्या खाली आला की दवाखान्यात फोन.

बार्शीची_लेक (जूनच्या शेवटी, रविवार, रात्री ८:१५)

धागा वर काढतेय. आप्पांचा आकडा आता ३८. एकाचे दोन फक्त रात्री उशिरा दिसतात. पांढऱ्या पेशी ठीक आहेत.

त्यांना आषाढीला पंढरपूरला जायचंय. एसटीत असताना दर वर्षी जादा गाड्यांवर ड्युटी असायची, तेव्हा दर्शनाला कधी उतरता आलं नाही. डॉक्टर म्हणाले, रांगेत उभं राहायचं नाही, गाडीनं जाऊन कळसाचं दर्शन घेऊन या. गोळ्यांचं आणि उपासाचं कसं करू?

औषधवाला (रविवार, रात्री ९:०२)

गोळ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, तापतात आणि दमट हवेत खराबही होतात. पट्टीतून काढून डबीत भरू नका. एक पट्टी आप्पांच्या शर्टाच्या खिशात, एक आईंच्या पिशवीत. माणसं चुकली तरी दोघांकडे एक-एक राहते. यादीची प्रत आणि डॉक्टरांचा नंबर दोन्ही पट्ट्यांना रबर लावून.

नीरजा_कुडाळ (रविवार, रात्री ९:३०)

साबुदाणा नको ताई, घशात चिकटतो. शेंगदाण्याचा लाडूही नको, कोरडा चुरा ठसका देतो. भगर पातळ करा, वर दाण्याची आमटी. गोळीआधी केळं चालतंय उपासाला. अझाथायोप्रिनवर आहेत तर गर्दीत मास्क आणि घरचं उकळलेलं पाणी. उघड्यावरचं काही नको, पुन्हा जुलाब नकोत.

बार्शीची_लेक (रविवार, रात्री ९:४४)

आईला वाचून दाखवलं. भगर पातळ, पाणी दोन कॅन, पट्ट्या दोन. पहाटे निघणार, गजर पावणेपाचचा लावलाय, केळं सव्वापाचला गाडीत बसायच्या आधी. आप्पा विचारताहेत, गाडी कोण चालवणार. मी म्हटलं, मी. ते म्हणाले, मग पुढच्या सीटवर मी बसतो, वळणं सांगतो.